दारवाल्याला लावलेला उकार

आमच्या कंडक्टरला मी पहिल्यांदा ओशाळलेलं पाहिलं तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. हा माणूस कधी मान खाली घालेल असं त्याआधी कुणी म्हटलं असतं, तर आम्ही ते हसण्यावारी नेलं असतं. जवळजवळ तीस वर्षं त्यानं गच्च भरलेल्या बसमध्ये माणसं पुढे सरकवली होती, भांडणं सोडवली होती, मळमळणाऱ्या पोरांना खिडकी मिळवून दिली होती, आणि हे सगळं दोन विनोदांच्या मधल्या वेळात. गुडघ्यानं दगा दिला म्हणून पाच वर्षं आधीच नोकरी सुटली, पण घरी बसणं काही त्याला जमेना. त्याची बायको म्हणायची, "हे मला स्वयंपाकघरातसुद्धा 'पुढे सरका' म्हणतात. ओट्याच्या पुढे आणखी कुठे सरकू?"

तिनंच त्याला दलदलीवर पाठवलं.

नदी आणि बंद पडलेली वीटभट्टी यांच्या मधे पसरलेली ही दलदल. पाणकणसं माणसाच्या डोक्यावरून जातात, पाऊल चुकलं तर चप्पल चिखलात राहते आणि पाय वर येतो. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी ती वाचवायला आमचं मंडळ सुरू केलं होतं. दर रविवारी सकाळी पाण्यातली जलपर्णी ओढून काढायची, प्लास्टिक वेचायचं, आणि नऊ वाजता, जी कोणी माणसं आली असतील त्यांना फळ्यांच्या वाटेवरून फिरवून आणायचं. बाईंना झाड न झाड, पक्षी न पक्षी ठाऊक. पण आवाज असा बारीक, की त्यांचं 'टिबुकली' म्हणून होईपर्यंत टिबुकलीनं बुडी मारलेली असायची आणि मागच्यांना नुसतं पाणी दिसायचं. पाच-सहा माणसं यायची. त्यातली दोन मंडळाचीच.

कंडक्टर आला तो जलपर्णी ओढायला. पण कान उघडे ठेवून होता. दोन-तीन महिन्यांत त्याला शेकाट्या कुठला, वंचक कुठला, पाणकोंबडी घरटं कुठे बांधते, सगळं पाठ झालं. मग एका रविवारी बाईंचा घसा बसला आणि त्यांनी हातानंच त्याला खूण केली, की आज तुम्ही न्या.

फळ्यांची वाट बांधाशी संपते. तिथे नदीच्या बांधात बसवलेलं एक जुनं लोखंडी दार आहे. वर गंजलेलं चाक, चाकाखाली आट्यांचा जाड दांडा. चाक फिरवलं की दार वर-खाली व्हायचं. नदीला पाणी चढलं की दार पाडायचं, म्हणजे पलीकडची शेतं कोरडी राहायची. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या पुरात हे दार पडलं नाही, शेजारचा बांध फुटला, चाळीस घरांची शेतं पाण्याखाली गेली. पाणी पुरतं ओसरलंच नाही. त्या शेतांचीच ही दलदल झाली. बाई एवढंच सांगायच्या आणि परत फिरायच्या.

कंडक्टरनं त्या दिवशी चाकावर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं. माणसं उन्हानं कंटाळली होती, एक जण घड्याळ बघत होता. तो म्हणाला, "हे दार सांभाळायला एक माणूस असायचा. लोक त्याला दारवाला म्हणायचे." आणि मग, कसं सुचलं त्याचं त्यालाच माहीत, "पण पुराच्या दिवशी त्याला एक उकार जास्त झाला. दारवाल्याचा झाला दारूवाला!"

हशा पिकला. मी पहिल्या रांगेत होतो. मी औषधाच्या दुकानात बसतो, आठवडाभर लोकांची दुखणी ऐकतो. रविवारी हसायला मिळालं की सोडत नाही. मी तर त्याला टाळीही दिली.

पुढच्या आठवड्यात गोष्टीत बाटली आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात गाणं आलं. मग दारवाला चाक उलटं फिरवायला लागला, मग चाकाला मिठी मारून झोपायला लागला, मग त्याला जाग आली तेव्हा बुटात बेडूक आणि उशाला बदक. वर्षभरात त्याचा दहा मिनिटांचा प्रयोगच झाला. कंडक्टर दुखरा गुडघा विसरून फळ्यांवर डुलत चालायचा आणि पोरं हसून हसून कठड्याला टेकायची. पाच-सहाच्या जागी पन्नास माणसं यायला लागली. शाळांच्या सहली यायला लागल्या.

आणि हेही खरं, की त्या माणसांमुळेच दलदल वाचली. चार वर्षांपूर्वी तिथे भराव टाकून ट्रकतळ करायचं घाटत होतं. राडारोड्याच्या दोन गाड्या रित्या होऊनही गेल्या होत्या. तेव्हा सुनावणीला सभागृह भरलं ते कंडक्टरनं फिरवलेल्या माणसांनी. भराव थांबला. आम्ही खुशीत येऊन मोठा फलक लावला. त्यावर एक ओळ होती, 'मद्यधुंद पहारेकऱ्याच्या डुलकीतून जन्मलेली दलदल'. बाईंनी मजकूर वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि काही बोलल्या नाहीत. मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत शाळेच्या मुलांची चित्रं लावायची पद्धत पडली. दरवर्षी वीस-पंचवीस चित्रं. अर्ध्याअधिक चित्रांत एक लाल नाकाचा माणूस आणि बाटली.

असं नऊ वर्षं चाललं.

त्या रविवारी घोळक्याच्या शेवटी एक बाई होती. साठीची, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. दुर्बीण पुढे केली तर तिनं ती डोळ्यांना लावली आणि लगेच परत दिली. दाराशी आल्यावर मात्र ती पुढे झाली, आणि कंडक्टरचं बोलणं सुरू व्हायच्या आत तिनं चाकावर तळवा ठेवला. तिथेच उभी राहिली. कंडक्टरनं प्रयोग केला. ती हसली नाही.

न हसणारं माणूस कंडक्टरला कधी सहन व्हायचं नाही. बसमध्येही तो अशा माणसाच्याच मागे लागायचा. तो डुलत डुलत थेट तिच्यापुढे गेला आणि जड जिभेनं म्हणाला, "ताई, मला आलीय झोप. आता तुम्हीच सांभाळा दार!"

लोक खदखदून हसले. तिनं चाकावरचा हात काढून घेतला.

परत आल्यावर माणसं पांगली. मी खोलीत दुर्बिणी पुसून खोक्यात भरत होतो. ती भिंतीवरच्या चित्रांपुढे उभी होती. कंडक्टर चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी गेला. त्याला वाटलं, तिला चित्रं आवडली.

"शाळेच्या मुलांनी काढलीत," तो म्हणाला. "पोरं कमाल असतात."

"यातलं एक माझ्या नातीचं आहे," ती म्हणाली. "ते बघा, हिरव्या बाटलीचं. घरी येऊन तिनं मला सगळी गोष्ट करून दाखवली. अशीच डुलत डुलत." ती जरा थांबली. "दारवाले माझे वडील."

कंडक्टर हसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. वाईट मनानं नाही, पण हसला. "अहो ताई, ती आपली एक गंमत असते. लोक चालून दमतात, जरा..."

"त्यांनी जन्मात दारूला हात लावला नाही."

"तसं नाही. पण मी काही मनचं सांगत नाही. जुनी माणसं सांगायची."

"कोण?"

कंडक्टरनं कप खाली ठेवला. इथे तो 'चुकलं' म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याची जीभ तीस वर्षं कधी अडलेली नव्हती, ती तेव्हाही अडली नाही. "आमचे वडीलच सांगायचे," तो म्हणाला. आणि खरं वाटावं म्हणून पुढे जोडलं, "पुलाजवळ सायकलचं दुकान होतं बघा त्यांचं."

तोपर्यंत ती रागावलेली होती. आता तिचा चेहराच उतरला.

"सायकलवाले?" ती म्हणाली. "तुम्ही सायकलवाल्यांचे चिरंजीव?" मग हळूच, जणू त्याला नाही तर स्वतःलाच विचारत होती, "ते असं म्हणायचे?"

कंडक्टरनं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"पुरानंतर आमच्याशी कुणी बोलत नव्हतं. आम्ही हे गाव सोडलं त्या दिवशी आमची ट्रंक न्यायला कुणी हातगाडी दिली नाही. मी बारा वर्षांची होते. सायकलवाल्यांनी ती ट्रंक आपल्या सायकलला बांधली आणि स्टँडपर्यंत ढकलत नेली. बस सुटेपर्यंत उभे होते. वडिलांच्या हाताला बँडेज होतं, तर वडिलांचा सदरा नीट करून दिला त्यांनी." तिनं पिशवी खांद्यावर सारखी केली. "असू दे. माणसं तोंडावर एक असतात, मागे एक."

आणि ती निघून गेली. कंडक्टर दोन पावलं तिच्यामागे गेला आणि दारात थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. सगळं ऐकलं असून ऐकलं नाही असं दाखवलं. ती माझी त्या दिवसाची कामगिरी.

पुढचं मला त्यानं नंतर सांगितलं, थोडं थोडं, गुडघाभर पाण्यात जलपर्णी ओढताना. घरी गेला तेव्हा बायकोनं विचारलं, "काय हो, बस चुकल्यासारखं तोंड का झालंय?" तर म्हणाला, ऊन लागलं. जेवायला बसला, ताट तसंच ठेवून उठला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत वडिलांचा फोटो आहे, दुकानाच्या पायरीवर हवा भरायचा पंप हातात धरून बसलेले. कंडक्टर रोज त्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसतो. त्या दुपारी त्यानं खुर्ची फिरवून खिडकीकडे केली. बायकोनं ते पाहिलं.

मला वाटलं होतं, आता तो पुन्हा ती गोष्ट सांगणार नाही. त्यालाही तसंच वाटलं होतं. पुढच्या रविवारी एका कारखान्यातली पस्तीस माणसं आली. दाराशी पोचल्यावर कंडक्टर म्हणाला, "हे पुराचं दार. चला, आता परत." तर त्यांच्यातला एक जण आधी येऊन गेलेला. "अहो कंडक्टर, भाव नका खाऊ! दारूवाल्याची गोष्ट होऊ दे! या सगळ्यांना त्यासाठीच आणलंय." बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

आणि कंडक्टरनं ती सांगितली. पहिल्या उकारापासून बुटातल्या बेडकापर्यंत. मी मागे उभा होतो. त्याच्या आवाजात, डुलण्यात, कशातही तसूभर फरक नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

नंतर तो खोलीमागे पालथ्या घातलेल्या होडीवर बसला होता. मला म्हणाला, "बघितलंस ना?"

"बघितलं."

"तोंडातून आपसूक बाहेर पडलं. माणसं दिसली की पडतंच." त्यानं तळहातांनी चेहरा पुसला. "आणि खरं सांगू? वडिलांनी मला त्या माणसाबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नाही. पुराच्या वर्षी मी मामाकडे शिकायला होतो. वडील बोलणारे नव्हतेच. मला त्या ट्रंकेचंही तिच्याकडून कळलं. मी त्यांच्या तोंडी काय घातलं रे? मेलेल्या माणसाच्या तोंडी? आणि तिच्यापाशी या गावातलं एकच चांगलं माणूस होतं, तेही मी..."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होतो. पण पहिली टाळी याच हातानं दिली होती, म्हणून ठेवला नाही.

सोमवारी आम्ही दोघं बाईंकडे गेलो. बाईंचं घर म्हणजे वह्या, वाळलेली पानं आणि बरण्या. कंडक्टरनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बाई ऐकून घेऊन आत गेल्या आणि एक पिवळी पडलेली फाइल घेऊन आल्या. पुराच्या चौकशीचा अहवाल होता, कार्यालयातून काढलेली प्रत.

"वाचा," त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं चष्मा लावला. दारवाल्यानं पुराआधीच्या दोन वर्षांत तीन अर्ज दिले होते, की दांड्याचे आटे झिजले आहेत, दार खाली हातभर फट ठेवून अडकतं, दांडा बदलून मिळावा. तिन्ही अर्जांवर 'पाहिले' असा शेरा होता. पुराच्या दिवशी दार तसंच हातभर उरून अडकलं. माणूस पहाटेपासून छातीभर पाण्यात उभा राहून त्या फटीत मातीची पोती कोंबत होता. दुपारी दार एकदम घसरलं आणि त्याचा उजवा हात उंबऱ्यावर सापडला. दोन बोटं गेली. तोवर शेजारचा बांध फुटला होता. हे सगळं लिहून झाल्यावर अहवालाच्या शेवटी निष्कर्ष होता: 'सदर कर्मचाऱ्याने कर्तव्यात कसूर केली.' दारूचा शब्द कुठेच नव्हता. त्याला शिव्या देणाऱ्यांनीसुद्धा तो काढला नव्हता.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मंडळ सुरू केलं तेव्हापासून." बाई खिडकीतल्या बरणीकडे बघत बोलत होत्या. "पहिल्याच आठवड्यात मी यांना थांबवायला हवं होतं. पण माणसं यायला लागली. मग ट्रक थांबले. मी मनाची समजूत घातली, की तो माणूस आता कुठे असेल, कुणाला लागणार आहे. मी मुलांना सांगत असते, पुराव्याशिवाय लिहायचं नाही. आणि तो फलक लागताना मी चष्मा पुसत बसले."

कंडक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला? बोललो मी."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

दारवाल्याच्या मुलीचा ठावठिकाणा नातीच्या शाळेतून लागला. वर्गशिक्षिकेकडे चिठ्ठी दिली, दोन दिवसांनी उलट निरोप आला: गुरुवारी दुपारी दुकानावर या. गणवेश शिवायचं दुकान होतं. नवऱ्याच्या माघारी ती लेकीकडे राहायला परत या गावी आली होती आणि तिथे काज-बटणाचं काम करत होती. कंडक्टर मला म्हणाला, "तू चल, पण बाहेर थांब." मी बाहेर थांबलो, पण दार सताड उघडं होतं.

लांबट खोली, सहा मशिनी, भिंतीला लागून निळ्या चड्ड्यांचे ढीग. जमिनीवर धाग्यांची टोकं. ती शेवटच्या मशिनीवर होती. तिनं त्याला बसा म्हटलं नाही, बसायला जागाही नव्हती. तो गठ्ठ्यांच्या मधे उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

"ताई, वडील तसं कधीच म्हणाले नव्हते," तो म्हणाला. "त्यांचं नाव मी घेतलं. ते मला काहीच बोलले नव्हते. दारूचं सगळं मीच रचलं."

मशीन चालूच होती. एक काज पूर्ण झालं, तिनं धागा तोडला.

"का?"

"हसले म्हणून."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं हसत होते, ताई."

तिनं मशीन थांबवली. बाकीच्या पाच मशिनींचा खडखडाट सुरूच होता, त्यामुळे पुढचं मला कान देऊन ऐकावं लागलं.

"माझे वडील कसे होते ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "हे गाव सोडल्यावर बिस्किटांच्या कारखान्यात खोकी बांधायचे, तीन बोटांनी. पुराचा विषय निघाला की उठून जायचे. तुमच्या गोष्टीनं ते काही बदलत नाहीत. पण अकरा दिवस मी सायकलवाल्यांना मनातल्या मनात काय काय बोलले. जेवताना, काम करताना. त्या भल्या माणसाला. ते कसं परत घेऊ?"

कंडक्टरची मान खालीच होती. "मला माफ..."

"ते म्हणू नका," ती म्हणाली. "मला आत्ता देता येणार नाही, आणि नाही म्हणायची मलाच लाज वाटेल. दाराशी आला होता ना माझ्यापुढे डुलत? ते मला विसरता येत नाही."

"मग मी काय करू?"

"ज्या आवाजात ते सांगत होता, त्याच आवाजात हे सांगा. आत्ता पुटपुटताय तसं नको." तिनं पुढची चड्डी मशिनीखाली सरकवली. "आणि नातीचं चित्र मला आणून द्या. तिला मी सांगितलंय सगळं. तिला ते तिथे नकोय."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पँटीला निळे धागे चिकटले होते. बस थांब्यापर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

रविवारी चाळीसेक माणसं होती. फलकावरची ती ओळ बाईंनी आदल्या दिवशीच काळ्या रंगानं झाकली होती, रंग अजून ओला होता आणि एका पोराचा हात काळा झाला होता. कंडक्टरनं वाटेत पक्षी दाखवले, पण विनोद एक केला नाही. दाराशी आल्यावर तो चाकाला पाठ लावून उभा राहिला.

"नऊ वर्षं मी इथे खोटं सांगितलं," तो बसमधल्या आवाजात म्हणाला.

दोन-तीन जण हसले. त्यांना वाटलं, ही नवी सुरुवात आहे.

"इथल्या दारवाल्याला उकार लावला तो मी. त्याला दारूवाला केला तो मी."

आता बरेच जण हसले. कंडक्टरचा चेहरा पांढरा पडला. "हसू नका," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते. "हात जोडतो, हसू नका."

मग त्यानं सगळं सांगितलं. तीन अर्ज, झिजलेले आटे, पोती, दोन बोटं. सायकलला बांधलेली ट्रंकही सांगितली आणि वडिलांच्या नावावर खपवलेलं खोटंही. आवाज खणखणीत होता, फक्त हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली. एक तान्हं मूल रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन मागे गेली. कुणीतरी दुसऱ्याच्या कानात म्हणालं, "गंमत असते असं ऐकलं होतं." बोलणं संपलं तेव्हा कुणाला काय करावं सुचेना. टाळ्या वाजवायची ही जागा नव्हती.

मी पुढे झालो आणि म्हणालो, की पहिल्या दिवशी मी याला टाळी दिली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. मी कोण हेही त्यांना माहीत नव्हतं. पण त्याला तिथे एकट्याला उभं बघवेना. बाईही काहीतरी बोलल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच मागे पोचला नाही.

नातीचं चित्र त्यानं गुंडाळी करून दुकानावर पोचवलं. बाकीची चित्रं आम्ही उतरवून बाईंच्या फाइलशेजारी ठेवली. पोरांचा त्यात काय दोष, म्हणून फाडली नाहीत.

माणसं कमी झाली. अगदी पाच-सहावर नाही आली, पण पंधरा-वीस. पक्षी दाखवायचं काम आता बाईंची एक जुनी विद्यार्थिनी करते, चांगलं करते. कंडक्टर फक्त दाराशी बोलतो. सरळ सांगतो, चार मिनिटांत. कधीकधी लोकांचं लक्ष मधेच उडालेल्या बगळ्याकडे जातं. आधी तो लक्ष परत ओढून आणायचा. आता जाऊ देतो, आणि ते परत आले की उरलेलं सांगतो.

पण ती जुनी गोष्ट त्याच्या हातात राहिलेली नाही. एकदा तो केस कापायला बसला होता. कात्री चालवता चालवता न्हाव्यानंच ती त्याला सांगितली, बेडकासकट. वर नवीन भर घातली होती, की दारवाल्यानं नदीलाच एक पेला पाजला. गळ्याला कापड बांधलेल्या अवस्थेत कंडक्टर खुर्चीतून उठला आणि आरशाकडे बघत म्हणाला, "ही मी बनवलेली आहे. खोटी आहे." न्हावी हसला. म्हणाला, "तुम्ही फार गमतीदार आहात बुवा." कंडक्टर अर्धे केस कापलेल्या डोक्यानं खुर्चीत परत बसला आणि खरी गोष्ट सांगत राहिला. न्हाव्यानं मान डोलावली, पण गिऱ्हाइकं खोळंबली होती.

दोन वर्षांनी नवा फलक झाला. त्यावर दारवाल्याचं पूर्ण नाव, त्याच्या तीन अर्जांच्या तारखा, आणि त्यानं काय केलं ते. मजकूर बाईंनी लिहिला, गणवेशांच्या दुकानावर नेऊन दारवाल्याच्या मुलीला दाखवला. तिनं दोन शब्द बदलले. फलक लावायच्या दिवशी या म्हटलं, तर म्हणाली, गणवेशांचा हंगाम आहे. ती आली नाही.

ती आली एका बुधवारी. आम्हाला नंतर कळलं. कंडक्टर त्या दिवशी फळ्यांचे खिळे ठोकायला एकटाच गेला होता. पाणकणसांच्या वळणावर आला तेव्हा त्याला दाराशी ती दिसली, बरोबर नात. नात फलक मोठ्यानं वाचत होती. मग आजीनं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि ते कसं फिरवायचे ते तिला दाखवायला लागली. चाक काही हलत नव्हतं, पण ती अंग टाकून दाखवत होती आणि नात हसत होती.

वीस पावलांवर होता तो. पुढे गेला असता तर कदाचित बोललीही असती त्याच्याशी. पण त्याचं पाऊल उठेना. तो हातोडी बगलेत धरून, फळी वाजू नये म्हणून टाचा उचलत, मागच्या मागे वळला आणि वीटभट्टीच्या रस्त्यानं घरी आला.

बायकोनं विचारलं, "झाले एवढ्यात खिळे ठोकून?"

"नाही," तो म्हणाला. "उद्या जाईन. आज तिथे माणसं होती."